एकवीस बाळंतिणींचे मास्तर

हरबा मास्तरांच्या डोक्यावरच्या रुमालात काय असेल, याचा नेम नसे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते जव्हारच्या कचेरीत. संस्थानच्या शाळा तपासणाऱ्या डिपोटी साहेबांचा मी कारकून. साहेब सांगतील ते लिहायचं, साहेब हसले की हसायचं आणि बाकी वेळ नंदीबैलासारखी मान हलवायची, एवढंच माझं काम, आणि ते मी चोख करीत असे. करवंदीच्या पाड्यावरचे हे मास्तर खडू आणि पाट्या मागायला आले होते. पायांत वहाणा नव्हत्या, त्या काखेत होत्या. उंच, वाळका देह, नाकाला तपकीर, आणि डोक्याला हातभर लांबीच्या गुंडाळ्या घेतलेला मळकट रुमाल. साहेबांसमोर ते वाकले आणि रुमालातून एक पट्टेरी अळी टपकन साहेबांच्या कागदांवर पडली. काळी, पांढरी, पिवळी, अंगावर आडवे पट्टे ल्यालेली.

साहेब खुर्चीवर चढले. म्हणजे खरंच, वहाणांसकट चढले. मास्तरांनी शांतपणे बोट पुढे केलं, अळी बोटावर चढली. ते तिला म्हणाले, "चला बाई, इथं आपलं काम नाही." मग वर बघत साहेबांना म्हणाले, "वस्तुपाठाची तयारी चाललीय, साहेब. रुमालात पाला ओला राहतो."

वस्तुपाठ म्हणजे मुलांच्या हातात खरी वस्तू देऊन शिकवायचं. शिक्षकांच्या पुस्तकात तसा एक धडाच असे, आणि तो धडा मोठ्यानं वाचून दाखवणं म्हणजेच वस्तुपाठ, असं बाकीचे सगळे मास्तर मानत. हरबा मास्तरांनी मात्र पुस्तकाचं म्हणणं मनावर घेतलं होतं. शिक्षण खात्यात याहून मोठा उपद्रव नाही.

खडू घेऊन ते गेल्यावर साहेबांनी खुर्ची दोनदा झटकली. "हा माणूस मला नडणार आहे," म्हणाले. मी मान हलवली.

मास्तर डहाणूकडचे, खाली समुद्राकाठचे. चाळिशी उलटली तरी एकटेच. लग्नाचं विचारलं तर म्हणत, "अजून कोषातून बाहेर कुठे आलोय?" शाळा म्हणजे कुडाच्या भिंतींची एक खोली, गवताचं छप्पर, पुढे ओटा. मागच्या भागात पडदा लावून स्वतः राहत. मुलं वारल्यांची, कोकण्यांची. घरात त्यांची आपली बोली, त्यामुळे पुस्तकातली मराठी त्यांना आमच्या इंग्रजीइतकीच परकी. मास्तरांना त्यांची बोली नीट यायची नाही, तरी ते धडाधड बोलायचे आणि चुकले की मुलं हसायची. हसलेलं मूल दुसऱ्या दिवशी परत येतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

खात्यानं मुंबईहून छापून आणलेले तक्ते सगळ्या शाळांना वाटले होते. त्यात एक फुलपाखराचा. गोलात चार चित्रं: अंडं, अळी, कोष, फुलपाखरू. हरबा मास्तरांनी तो दाराच्या मागच्या बाजूला टांगला होता. दार उघडलं की तक्ता झाकला जायचा, आणि दार दिवसभर उघडंच असायचं. पहिल्या तपासणीत साहेबांनी कारण विचारलं. मास्तर म्हणाले, "मुलांनी विचारलं, ही अळी खाते काय? तक्त्यात एक पान नाही, साहेब. मलाही बघवेना ते. महिनाभर उपाशी आहे ती."

तक्त्याऐवजी त्यांनी मुलांना शाळेमागच्या रुईच्या झुडपांशी नेलं. पानाखाली मोहरीएवढी अंडी शोधायला लावली. रुईचा चीक डोळ्यांत जाईल म्हणून हात धुवायची शिस्त लावली. आणि मग रुईच्या फांद्या ओल्या मातीच्या गोळ्यांत खोचून भिंतीकडेला ओळीनं ठेवल्या. साधारण दोघांत एक अळी. रोज सकाळी ताजा पाला ज्यानं त्यानं आणायचा. शाळेत या, असं ते कुणाच्या घरी सांगायला जात नसत. वाटेत मूल दिसलं की फक्त म्हणत, "तुझी अळी उपाशी आहे रे." मूल धावत सुटे.

काही विचारलं तर सांगत नसत. किती दिवस खाणार? डोळे किती? झोपते का? सगळ्याला एकच उत्तर, "तिला विचार." मग मूल अळीसमोर पालथं पडून तासभर विचारत बसे. मी एकदा त्यांना म्हटलं, मास्तर, तुम्हाला तरी ठाऊक आहे का? तपकिरीची चिमूट ओढून म्हणाले, "निम्मं. पण निम्मं माहीत आहे हे मुलांना कळू द्यायचं नसतं."

पाड्यावर मात्र कुरबुर सुरू झाली. सोमी नावाची एक आठ-नऊ वर्षांची मुलगी होती, नाक वर आणि जीभ धारेची. तिचा आजा देवू एक दिवस कोयता कमरेला खोचून शाळेवर आला. मी तिथंच होतो, म्हणून हे ऐकीव नाही.

"मास्तर, आमची सोमी बकऱ्या राखीत नाय. अळी राखं."

"मग बकऱ्या इकडंच आण की आजा."

"साळंत?"

"शाळेत नको. शाळेभोवती. अळीपण राखली जाईल, बकऱ्यापण."

आजानं जरा विचार केला. "आन बकऱ्यांनी अळीचा पाला खाल्ला तं?"

"रुईला बकरी तोंड लावते का कधी?"

आजा हरला. दुसऱ्या दिवसापासून शाळेला तीस-पस्तीस मुलं आणि तेवढ्याच बकऱ्या येऊ लागल्या. रुईला त्यांनी खरंच तोंड लावलं नाही. हिंदुस्थानच्या नकाशाला लावलं. पुढच्या तपासणीत साहेबांनी एका पोराला विचारलं, हिमालय कुठे आहे? तो म्हणाला, "सोमीच्या बोकडानं खाल्ला." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. हसावं की मान हलवावी हे मला कळेना, म्हणून मी दोन्ही केलं आणि घाटभर बोलणी खाल्ली.

आता मूळ गोष्टीकडे येतो. भाद्रपदात त्या मुलखातल्या शाळा ओस पडतात. भात पोटरीला येतं, नागली निसवते, पाखरं हाकायला पोरं शेतातल्या माळ्यावर बसतात. सगळ्या शाळांचे हजेरीचे आकडे निम्म्यावर आलेले, आणि करवंदीच्या पाड्याचा हजेरीपट मात्र भरगच्च. सदतीसपैकी सदतीस. रोज. साहेबांनी पट माझ्यासमोर आपटला. "खोटी हजेरी. उद्या न कळवता जायचं. रंगेहाथ धरतो आणि त्याला घरी पाठवतो. शाळाही बंद. बकऱ्या राखायला शिक्षक नको लागत."

रात्रभर मला वाईट वाटत होतं. पण सकाळी तट्टावर खोगीर मीच घातलं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. शाळेपुढे चिटपाखरू नव्हतं. दार लावलेलं, आणि दाराच्या चौकटीला शेराची हिरवी फांदी बांधलेली. साहेबांच्या तोंडावर असा आनंद मी पगारवाढीच्या दिवशीही पाहिला नव्हता. "लिहा. शाळा बंद. विद्यार्थी शून्य." मी लिहिलं. साहेब ओट्यावर चढले आणि दाराच्या कडीला हात घातला.

"आत जावाचा नाय."

कोपऱ्यावरून सोमी आली. हातात काठी. ती सरळ दारात उभी राहिली.

"बाजूला हो, मुली. मी डिपोटी आहे."

"तू परका. पाचवी नाय झाली. आत बाळंतीन हाय."

साहेब दोन पायऱ्या खाली उतरले. एकटा राहणारा शिक्षक, सरकारी खोली आणि आत बाळंतीण! त्यांच्या डोक्यात त्या क्षणी काय काय येऊन गेलं असेल ते मी सांगत नाही, कारण माझ्याही डोक्यात तेच आलं होतं. घोगऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "कोण बाळंतीण?"

"एकवीस हायेत," सोमी म्हणाली.

साहेब ओट्यावर बसले. मी लेखणी खाली ठेवली.

तेवढ्यात मास्तर ओढ्यावरून आले, दोन्ही हातांत धुतलेल्या पाट्यांची चळत घेऊन. त्यांच्याकडून उलगडा झाला तो असा. अळ्या एकेक करून कोषात गेल्या होत्या. मास्तरांनी मुलांना सांगितलं, आत नवा जीव घडतोय, हात लावायचा नाही, गलका करायचा नाही. मुलांना यात नवं काहीच वाटलं नाही. घरात बाळंतपण असलं की काय करायचं असतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. दाराला शेराची फांदी बांधायची, आणि पाचव्या दिवशी पाचवी पुजेपर्यंत परक्याचा पाय आत पडू द्यायचा नाही. त्यांनी शाळेला सोयर लावलं, स्वतःही बाहेर बसले आणि मास्तरांचं अंथरूण, भांडी, शिधा सगळं उचलून ओट्यावर आणून ठेवलं. दोन दिवस मास्तर ओट्यावर झोपत होते.

"आणि तुम्ही हे चालू दिलंत?" साहेब म्हणाले. "दार उघडा."

मास्तरांनी पाट्या खाली ठेवल्या. नेहमी काहीतरी तिरकं बोलायचे, तसे बोलले नाहीत.

"साहेब, वर्षभर मी यांना सांगतोय, ही शाळा तुमची आहे. ऐकून घ्यायची, पण पटायचं नाही. सरकारचं घर, मास्तराचं घर, असंच म्हणायची. परवा पहिल्यांदा त्यांनी आपल्या घरचा रिवाज इथे लावला. आता मी दार उघडलं तर उद्या एक पोर येणार नाही, आणि ती बरोबर असतील."

"नोकरी जाईल तुमची."

"जाईल," मास्तर म्हणाले. दाराकडे गेले नाहीत.

मला त्या माणसाचा इतका हेवा वाटला की सांगता येत नाही. सोमीनं मात्र आमच्याकडे लक्ष दिलं नाही. ती पळसाच्या पानाच्या द्रोणात पाणी घेऊन आली आणि साहेबांपुढे धरून म्हणाली, "भायेर बसून पी तू. तुला कोन नाय म्हनत नाय." साहेब माझ्याकडे बघत म्हणाले, "तू म्हणते ही मला." मास्तर म्हणाले, "इथे देवालाही तूच म्हणतात." साहेबांना तहान लागली होती. ते प्यायले.

मग तपासणी शाळेमागच्या झाडाखाली झाली. मुलं तिथंच होती, सगळीच्या सगळी, चूप बसून पाटीवर गिरवत. बाळंतिणींच्या पहाऱ्याला गैरहजर कोण राहणार? साहेबांनी सोमीला उभं केलं. "अळीचं फुलपाखरू कसं होतं? पायऱ्या सांग." तक्त्याप्रमाणे चार यायला हव्या होत्या.

सोमी बोटांवर मोजू लागली. "अंडं. मंग अळी. ती कातडं टाकं, मोठी होय, परत टाकं. मंग खाया सोडं. पाला दिला तरी खात नाय, चालत सुटं. भितीवर, आढ्यावर, मास्तरचे अंथरुनात. मंग उलटी लटकं. मंग शेवटचं कातडं टाकं, तवा हिरवा कोष. त्याला सोन्याचे ठिपके."

"चालत सुटते हे तक्त्यात नाही."

"तक्त्यात ती चिकटवलेली हाय," सोमी म्हणाली. "कशी चालंल?"

साहेबांनी तक्त्याचा नाद सोडला. ते डोकी मोजायला लागले, कारण आकड्यांवर त्यांचा विश्वास होता. एकदा मोजली, पुन्हा मोजली, मला मोजायला लावली. पटावर सदतीस. समोर चाळीस.

"तीन जास्त," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज पुन्हा खणखणीत झाला. "ही कुठली?"

शाळेमागचा ओढा ही संस्थानची हद्द. पलीकडे मोखाड्याचा खालसा मुलूख, इंग्रजांचा. तिकडच्या वस्तीवर शाळा नव्हती. जान्या नावाचा एक सहा वर्षांचा पोरगा आणि त्याच्या दोन बहिणी ओढा ओलांडून रोज येत. मास्तरांनी त्यांची नावं पटावर घातली नव्हती, कारण घालता येत नव्हती. शेरा काय लिहावा हे साहेब ठरवीत असताना जान्याच उठून म्हणाला, "मी पल्याडचा. पन माझी अळी अल्याडची हाय."

हजेरी खोटी नव्हती. मास्तरांची नोकरी वाचली, शाळाही. पण खालशातली मुलं संस्थानच्या शाळेत बसवणं हा गुन्हा होता आणि साहेबांनी हुकूम सांगितला. तिघांना संस्थानच्या हद्दीत बसू देऊ नये. मास्तरांनी एवढंच मागितलं, "पाचवी होऊ द्या. त्यांचा कोष आत आहे." साहेबांनी तेवढं मान्य केलं, आणि हुकूम अमलात येतो की नाही ते पाहायला मला मागे ठेवून ते निघून गेले. हुकूम माझ्या अक्षरात होता. जान्या माझ्या शेजारी येऊन बसला आणि अक्षर छान आहे म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाचवीच्या सकाळी पोरींनी उंबरा सारवला. पानावर तांदळाचे पाच ढीग मांडले. सोमीच्या आजीनं हळदीकुंकू वाहिलं आणि शेराची फांदी सोडली. मुलांनी पाचवी मोजली होती ती सगळ्यात शेवटच्या अळीच्या कोषापासून, आणि हे असं मोजायचं असतं असं त्यांना पटवणारा लबाड माणूस तपकीर ओढत बाजूला उभा होता. आधीचे कोष एकेक करून फुटत आले होते. दार उघडलं तर भिंतींवर, आढ्याला, दाराआड डोकावलं तर त्या तक्त्यावरसुद्धा नारिंगी फुलपाखरं पंख वाळवत बसलेली. चाळीस मुलं उंबऱ्यात उभी होती आणि कुणी ओरडलं नाही, कारण बाळंतिणीच्या घरात ओरडत नाहीत. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. रुईचा चीक गेला असं मी सांगितलं आणि सोमीनं मला हात धुवून यायला लावलं.

नंतर मास्तरांनी हुकूम वाचून दाखवला. मुलांच्या बोलीत, सोपा करून, चुका करत. या वेळी कुणी हसलं नाही. जान्यानं विचारलं, "उंद्या पन नाय?" मास्तर म्हणाले, "उद्यापण हद्दीत नाही बसायचं. चला." आणि ते ओढ्याकडे निघाले. सगळी शाळा मागून गेली, मीही गेलो, खात्री करून घ्यायला.

तिघं पाण्यातून पलीकडे गेली. जान्यानं वळून पाहिलं नाही. बाकीची मुलं परत फिरणार तोच मास्तर धोतर वर खोचून पाण्यात उतरले. ओढ्याच्या मधोमध एक सपाट खडक होता, त्यावर जाऊन बसले. पाय पाण्यात सोडले.

"कारकून, हद्द कुठून जाते?"

"ओढ्याच्या मधून," मी म्हणालो.

"मग मी कुठे आहे?"

"हद्दीवर."

"मास्तरानं हद्दीवर बसू नये असं हुकमात आहे का? वाचून बघा."

मी दोनदा वाचला. तसं नव्हतं. लिहिताना साहेबांना सुचलं नव्हतं, आणि मला सुचलं असतं तरी मी आता सांगितलं नसतं.

"बसा," मास्तर या काठाकडे बघत म्हणाले. मग मान वळवून त्या काठाला म्हणाले, "बसा रे."

मी तिथंच मांडीवर कागद घेऊन लिहिलं: 'हुकुमाची अंमलबजावणी झाली. तिन्ही मुले संस्थानच्या हद्दीत बसत नाहीत. समक्ष खात्री केली.' कुणी न सांगता लिहिलेला माझा तो पहिला मजकूर. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

माझी बदली पुढच्याच महिन्यात वसुलीकडे झाली आणि पुन्हा त्या बाजूला जाणं झालं नाही. त्या दिवशी निघालो, घाटाच्या वळणावर तट्टू थांबवून खाली पाहिलं. सदतीस मुलं अलीकडे, मध्ये पाण्यात पाय सोडून मास्तर, पलीकडे दगडांवर तिघं. पाण्याचा आवाज एवढा होता की ऐकू काही आलं नाही. पण मास्तरांनी काहीतरी विचारलं असावं. पलीकडच्या काठावर तिन्ही हात वर होते.